दहा सेंटिमीटरचा डबा आणि आपला कार्यानुभवाचा तास

(डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण. वेळेअभावी सुटलेले एकदोन मुद्दे लिहून काढताना घातले आहेत.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे "अभियांत्रिकी शिक्षण : काल, आज आणि उद्या" असा विषय छापला आहे. कालचं इथे बसलेल्या निम्म्या लोकांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. उद्याचं भाकीत करायला भेंडवळची घटमांडणी आहे. म्हणून आजच्यातली एकच गोष्ट सांगतो, महाविद्यालयातल्या पोरापोरींनी स्वतः बनवलेल्या छोट्या उपग्रहांची. मागच्या बाकावरून आत्ताच आवाज आला, "हे काय नवीन काढलं बाप्पा?" मागचा बाक तेहेतीस वर्षांत बदललेला नाही, हे पाहून बरं वाटलं.

आपल्या बॅचचे बहुतेक जण १९७४-७५ च्या जन्माचे. १९ एप्रिल १९७५ ला आपल्या देशाचा पहिला उपग्रह, आर्यभट, सोव्हिएत रॉकेटवरून वर गेला. वजन ३६० किलो. तो बंगळूरच्या पीण्या भागातल्या शेडमध्ये तयार झाला आणि बनवणारे बहुतेक विशी-पंचविशीतले होते. त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीच आधी उपग्रह बनवलेला नव्हता. बनवता बनवताच शिकले. पाचेक दिवसांत त्याच्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि प्रयोग थांबले. तरीही पुढची सगळी इमारत त्याच शेडमधून उभी राहिली. हे आधी सांगितलं, कारण "पोरांना काय जमणार" हा प्रश्न पुढे येणारच आहे.

आता डब्याची गोष्ट. १९९९ साली अमेरिकेत स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज आणि कॅल पॉलीचे जॉर्डी प्विग-सुआरी या दोन प्राध्यापकांपुढे जी अडचण होती, ती अगदी मास्तरांची अडचण होती. मुलांना उपग्रह बनवायला द्यावा तर त्यात नवी नवी यंत्रं घालण्याचा मोह आवरत नसे, काम लांबत जाई, आणि मुलं पास होऊन निघून जात. तेव्हा त्यांनी आधी डबा ठरवून टाकला. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १० सेंटिमीटर, वजन किलोभर. यात जे मावेल ते तुमचं. मापाची कल्पना ट्विग्जना खेळण्यातल्या कापडी बाहुल्या ज्या प्लास्टिकच्या डबीत ठेवून विकतात, त्या डबीवरून आली. याला क्यूबसॅट म्हणतात. असे पहिले डबे ३० जून २००३ ला रशियातून वर गेले.

वर्ध्याच्या माणसाला यात नवल वाटू नये. मगन संग्रहालयात आपण सहलीला जायचो, आठवतं? पेटीचरखा बघा. येरवड्याच्या तुरुंगात घडलेला, म्हणून त्याला येरवडा चक्र म्हणतात. मिटला की पेटी, उघडला की चरखा. पेटीत मावला पाहिजे आणि हातात धरून नेता आला पाहिजे, ही अट आधी, यंत्र नंतर. अट घट्ट असली की डोकं चालतं.

महाराष्ट्राच्या वाट्याला २०१६ साल आलं. २२ जूनला पीएसएलव्ही-सी३४ ने एकाच उड्डाणात वीस उपग्रह नेले. त्यातला मुख्य कार्टोसॅट-२ मालिकेतला, सातशे किलोंच्या वरचा. त्याच्या शेजारी पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा किलोभराचा "स्वयम्". ज्वारीच्या पोत्याशेजारी पावशेरचं माप ठेवावं तसा. तीन महिन्यांनी, २६ सप्टेंबरला, पीएसएलव्ही-सी३५ वरून आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा "प्रथम" गेला. तो डबा नव्हे, दहा किलोंचा चांगला मोठा उपग्रह. त्याआधी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचा अनुसॅट २००९ मध्ये आणि बंगळूर-हैदराबादच्या सात महाविद्यालयांचा स्टडसॅट २०१० मध्ये गेला होता. आपण पहिले नाही, पण मागेही नाही.

"स्वयम्" चं काम पोस्टमनचं. हौशी रेडिओवाल्यांनी एका ठिकाणाहून पाठवलेला छोटा संदेश साठवायचा आणि पृथ्वीच्या दुसऱ्या भागावरून जाताना खाली टाकायचा. मला मात्र त्याच्या कामापेक्षा तो सरळ कसा राहतो ते जास्त आवडतं. मोठ्या उपग्रहांना दिशा धरायला फिरती चाकं असतात, छोटे इंजिन असतात. डब्यात त्यांना जागा कुठली? मुलांनी चुंबक वापरला. आपल्या विज्ञानाच्या सरांनी कागदावर लोखंडाचा कीस पसरून खालून चुंबक फिरवला होता, तोच धडा. उपग्रह होकायंत्राच्या सुईसारखा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राकडे वळतो. पण वळला की डोलत राहतो, आणि तिथे हवा नसल्याने डोलणं थांबवणारं कोणी नाही. त्यासाठी एका खास मिश्रधातूच्या कांड्या घालतात. डोलण्यातली ऊर्जा त्या कांड्यांमध्ये थोडी थोडी उष्णता होऊन संपते. वीज लागत नाही, मोटार लागत नाही, बिघडायला काही नाही. आठवीच्या पुस्तकातलं चुंबकत्व वाया गेलं नाही, एवढं तरी घरी जाऊन मुलांना सांगा.

आणि असं प्रत्येक बाबतीत आहे. दहा सेंटिमीटरच्या एका बाजूवर सूर्यप्रकाशातून मिळून मिळून दोनेक वॅट वीज मिळते. तुमच्या मोबाईलचा चार्जरसुद्धा याहून जास्त देतो. एक प्रदक्षिणा दीड तासाच्या आसपास, त्यातली अर्ध्या तासाहून जास्त अंधारात. म्हणजे पगार तुटपुंजा आणि महिन्यातले दहा दिवस बिनपगारी. रेडिओ किती वेळ चालू ठेवायचा, बॅटरीत किती राखून ठेवायचं, हा हिशेब घर चालवणाऱ्या माणसालाच नीट कळेल. गरमीचं तर विचारू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा सेहेचाळीसला गेला की खिडकीत कूलर लावतो. वर कूलर चालत नाही, पंखाही नाही, कारण हवाच नाही. तापलेली चिप थंड करायची तर उष्णता धातूच्या सांगाड्यातून बाहेरच्या पत्र्यापर्यंत नेऊन तिथून किरणांनी बाहेर टाकावी लागते. म्हणून स्क्रू कुठे बसवला, किती आवळला, हाही उष्णतेचा प्रश्न होतो.

अँटेनाची युक्ती मी वर्गात दर वर्षी सांगतो. १० सेंटिमीटरच्या डब्यात १७ किंवा ५० सेंटिमीटरची अँटेना कशी बसवायची? जगभरातल्या बऱ्याच क्यूबसॅटवर ही अँटेना म्हणजे सुताराच्या मोजपट्टीची पोलादी पट्टी असते. ती डब्याभोवती गुंडाळायची आणि नायलॉनच्या दोऱ्याने बांधून टाकायची. वर गेल्यावर, रॉकेटपासून सुटून निदान अर्धा तास झाला की एका बारीक तारेतून वीज सोडायची, तार तापते, दोरा वितळून तुटतो आणि पट्टी सटकन सरळ होते. दोरा तुटला नाही तर? तर उपग्रह मुका. वर्षानुवर्षांचं काम एका दोऱ्यावर. म्हणून मुलं तो दोरा खाली पन्नास वेळा जाळून बघतात, थंडीत, गरमीत, निर्वात पेटीत. आता मला सांगा, ही इलेक्ट्रॉनिक्सची परीक्षा आहे, मेकॅनिकलची, की रसायनाची? विद्यापीठाच्या वेळापत्रकात या तीन प्रश्नपत्रिका तीन वेगळ्या दिवशी असतात. उपग्रहात एकाच दोऱ्यात.

सगळ्यात कठीण गोष्ट मात्र यंत्रात नाहीच. पदवी चार वर्षांची. "स्वयम्" चं काम २००८ च्या सुमारास सुरू झालं, उड्डाण २०१६ ला. "प्रथम" चं २००७ ला सुरू झालं, उड्डाण तेही २०१६ लाच. म्हणजे ज्या मुलांनी पहिली रेघ मारली ती उड्डाणाच्या दिवशी कुठे तरी नोकरीत होती, आणि ज्यांनी शेवटचा स्क्रू बसवला ती पहिली रेघ मारली गेली तेव्हा शाळेत होती. मधल्या मुलांनी ना सुरुवात पाहिली ना शेवट. त्यांना काय मिळालं? एक वही मिळाली, आणि त्यांनी एक वही पुढे दिली. हा रेझिस्टर इतकाच का, हे सॉफ्टवेअर असं का लिहिलं, अमुक रचना का सोडून दिली, हे सगळं लिहून ठेवलं नसेल तर दर दोन वर्षांनी काम पहिल्यापासून सुरू. वर इस्रोचे शास्त्रज्ञ ठरावीक टप्प्यांवर समोर बसवून उलटतपासणी घेणार. "आमच्या सीनियरने तसं केलं होतं" हे उत्तर तिथे चालत नाही.

मी पंचवीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आहे. माझ्या मते या मुलांनी मिळवलेली खरी विद्या हीच. आपल्यानंतर येणाऱ्या अनोळखी माणसाला समजेल असं काम करून ठेवायचं. आपल्या गावातल्या किती सहकारी संस्था, किती वाचनालयं याच एका गोष्टीवाचून बसली, ते तुम्ही मोजा.

"प्रथम" ची आणखी एक बाब मला फार पटते. त्याला पृथ्वीभोवतीच्या आयनमंडलात, म्हणजे हवेच्या वरच्या विद्युतभारित थरात, किती इलेक्ट्रॉन आहेत ते मोजायचं होतं. रेडिओलहरी त्या थरातून येताना थोड्या पिळवटतात. किती पिळवटल्या ते जमिनीवर मोजायचं. पण एका मुंबईत मोजून नकाशा होत नाही. म्हणून आयआयटीच्या मुलांनी इतर महाविद्यालयांतल्या मुलांना बोलावून जमिनीवरचं ग्रहणकेंद्र कसं उभारायचं ते शिकवलं. आपल्या उपग्रहाचा अर्धा भाग दुसऱ्यांच्या गच्चीवर आहे, हे त्यांनी सुरुवातीलाच मान्य केलं. बाकी आपल्याकडे मोठी संस्था लहान संस्थेला बोलावते ती बहुधा टाळ्या वाजवायला.

आता थोडं आपल्या जिल्ह्याबद्दल. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष. डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि तिथून नई तालीम निघाली. सेवाग्रामला आर्यनायकम् पतिपत्नींनी ती चालवून दाखवली. म्हणणं साधं होतं. हस्तोद्योग हा शिक्षणाच्या शेवटी लावलेला शेपटीचा विषय नाही, गणित, विज्ञान, समाज हे सगळं त्या उद्योगातूनच शिकवायचं. गांधीजींच्या तोंडी उपग्रह घालण्याचा माझा विचार नाही. पण कापूस वेचण्यापासून कापडापर्यंत एक पूर्ण वस्तू बनवताना मूल शिकतं, आणि डब्यापासून संदेशापर्यंत एक पूर्ण वस्तू बनवताना शिकतं, यात मला जात वेगळी दिसत नाही. आपण नई तालीमचं काय केलं? खेड्यातल्यांना टकळी आणि शहरातल्यांना पुस्तक, असा तिचा अर्थ लावला आणि मग दोघांनीही ती सोडली. सेवाग्रामची शाळा बंद पडली. २००५ मध्ये आनंद निकेतन नावाने ती पुन्हा सुरू झाली, हे या जिल्ह्याचं भाग्य.

आपल्या वाट्याला त्यातला उरलासुरला कार्यानुभवाचा तास आला होता. टकळी घेऊन व्हरांड्यात बसायचो. मुलींचं सूत बारीक, आमचं सुतळीसारखं. पण एक होतं. सूत तुटलं की तुटलं. त्याला ग्रेस मार्क नव्हते, आणि बाईंना समजावून सांगून ते जुळत नव्हतं.

माझ्या वर्गात दोन वर्षांपूर्वी आर्वी तालुक्यातल्या एका कास्तकाराची मुलगी होती. गुण नव्वदच्या घरात. तिसऱ्या वर्षापर्यंत तिने सोल्डरिंग गन हातात धरलेली नव्हती, यात तिचा दोष काहीच नाही. प्रयोगशाळेत एका टेबलावर आठ मुलं आणि जर्नल मागच्या वर्षीच्याचं उतरवलेलं. आमच्याकडे उपग्रह बनवण्याइतका पैसाही नाही आणि तेवढी माणसंही नाहीत. म्हणून आम्ही दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. वर काही पाठवायचं नाही, जे वर आहे ते ऐकायचं. ॲल्युमिनियमच्या अर्ध्या अर्ध्या मीटरच्या दोन कांड्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या लावल्या, तीन-चार हजारांचा रिसीव्हर घेतला, जुना संगणक जोडला. नोआ-१९ हा २००९ साली सोडलेला अमेरिकी हवामान उपग्रह १३७.१ मेगाहर्ट्झवर तेव्हा सेकंदाला दोन ओळी या वेगाने ढगांचं चित्र खाली टाकत असे, कोणीही घ्यावं. त्याचा आवाज भिंतीवरच्या घड्याळासारखा यायचा, टिक टॉक, टिक टॉक. तो दहा-पंधरा मिनिटांत डोक्यावरून निघून जायचा.

पहिल्या आठवड्यात चित्र आलं, पण रात्रीच्या फेरीत त्यावर आडवे पट्टे यायचे. सकाळच्या फेरीत नाहीत. मुलांनी रिसीव्हर बदलला, केबल बदलली, सॉफ्टवेअरला शिव्या दिल्या. ही मुलगी गप्प होती. तिने वहीत महिनाभराच्या फेऱ्यांच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या. एके दिवशी म्हणाली, "सर, रात्री असं काय चालू असतं जे सकाळी बंद असतं?" मग रिसीव्हर आणि लॅपटॉप घेऊन ती अंधार पडल्यावर आवारभर फिरली, एका हातात कांडी. एका खांबाखाली आवाज एकदम वाढला. फाटकाजवळचा नवा एलईडी फ्लडलाईट होता. त्याच्या आतलं सर्किट रेडिओलहरींचा कचरा टाकत होतं. दिवा दहा मिनिटं बंद ठेवला आणि चित्र स्वच्छ आलं. कोकणची किनारपट्टी, अरबी समुद्र आणि वर ढगांची फळी. ती मुलगी आज चांगल्या कंपनीत हेच काम करते. विद्युत उपकरणं एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करत नाहीत ना, ते तपासते. परवा तिने फोनवर सांगितलं, मुलाखतीत गुणपत्रिका कोणी उलटूनही पाहिली नाही, त्या दिव्याबद्दल मात्र अर्धा तास विचारलं.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. उपग्रहाचं नाव घेऊन आता शाळाशाळांतून पुष्कळ काही विकलं जातं. मी एका ठिकाणी पाहिलं, पालकांकडून पैसे घेतले, तयार सर्किट आणलं, मुलांनी एक बटण दाबलं, टोपी घालून फोटो काढला, प्रमाणपत्र मिळालं. खोका दुसऱ्या दिवशी परत गेला. याला शिक्षण म्हणत नाहीत, याला वरात म्हणतात. उलट देशभरातल्या ७५ शाळांमधल्या ७५० मुलींनी ज्याचे भाग तयार केले तो आझादीसॅट पाहा. ७ ऑगस्ट २०२२ ला उड्डाण फसलं, उपग्रह योग्य कक्षेत पोचलाच नाही. पुन्हा दुसरा बनवला आणि १० फेब्रुवारी २०२३ ला तो गेला. त्या मुलींचा वाटा उपग्रहात लहान असेल, पण फसलेल्या उड्डाणानंतर पुन्हा उभं राहायला मिळणं हा वाटा लहान नाही.

आता ज्या कारणासाठी मी हा विषय धरला ते बोलतो. समितीतले मित्र रागावणार नाहीत अशी आशा आहे. आपण माजी विद्यार्थ्यांनी निधी जमवला आहे आणि त्यातून शाळेला संगमरवरी प्रवेशकमान बांधायची असं ठरत आलं आहे. कमान छान दिसेल. पण मागच्या अंगाला जी सुतारकामाची खोली होती, तिथे आज मोडके बाक आणि निवडणुकीच्या पेट्यांचे रिकामे खोके ठेवलेले आहेत. मी म्हणतो, कमान पुढच्या वर्षी. आधी ती खोली उघडा. एक मजबूत टेबल, चार सोल्डरिंग गन, दोन मल्टिमीटर, हातोडी-पक्कड-करवत, एक जुना संगणक, आणि गच्चीवर दोन ॲल्युमिनियमच्या कांड्या. कमानीच्या पायाला जेवढा खर्च येईल तेवढ्यात हे होतं. अंदाजपत्रक मी लिहून आणलं आहे, चहाच्या वेळी बघा.

सामानापेक्षा माणूस महत्त्वाचा. आपल्या वर्गातला एक जण गावात तीस वर्षं मोटार वाइंडिंगचं दुकान चालवतो. तो तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि मी नाव घेईन या भीतीने खाली पाहतो आहे. नाव घेत नाही. पण दर शनिवारी दोन तास त्याने त्या खोलीत बसावं, आणि त्याला मानधन द्यावं. शाल-श्रीफळ नव्हे, पैसे. ड्राय सोल्डर नुसत्या नजरेने ओळखणारा माणूस आमच्या महाविद्यालयातही सहज सापडत नाही.

आणि किल्ली. किल्ली कार्यालयाच्या कपाटात गेली तर खोली पुन्हा खोक्यांची होईल. ती दहावीच्या दोन मुलामुलींकडे असावी. मार्चमध्ये त्यांनी ती नववीच्या मुलांना द्यावी, वहीसकट. मोडलेल्या वस्तूचे पैसे पोरांकडून घ्यायचे नाहीत, फक्त कशी मोडली ते वहीत लिहायचं. मुख्याध्यापकबाईंशी मी काल बोललो. त्या म्हणाल्या, "आधी मोडके बाक कुठे ठेवायचे ते सांगा." रास्त प्रश्न आहे. गावात ट्रॅक्टर असलेले आपल्यात निदान पाच जण आहेत.

गच्चीही पाहून आलो. पश्चिमेला कडुनिंब बराच वर गेला आहे, तो तोडायचा नाही. पाण्याच्या टाकीच्या पलीकडे मात्र उत्तर-दक्षिण आकाश मोकळं आहे, आणि असे उपग्रह त्याच दिशेने येतात-जातात.